आबांची टाच आणि फुटलेली स्क्रीन

त्या वर्षी मी शिकवते त्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि दुसऱ्याच दिवशी आबा दवाखान्यातून घरी आले. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या डाव्या टाचेला जखम झाली होती. साखरेचा जुना आजार, पायाला संवेदना उरलेली नाही. बुटातला खिळा वर आला होता आणि तो किती दिवस टोचत राहिला ते त्यांना समजलंच नाही. कपडे भिजवताना मोज्यावरचा डाग दिसला तो मला.

सर्जननी घरी सोडताना मला बाजूला घेऊन सगळं नीट समजावलं होतं. पाय अजिबात खाली टेकवायचा नाही. रोज सकाळी जखम धुवायची, पट्टी बदलायची. सारखं रिक्षात घालून आणायचं नाही, धक्के बसतात. थेट दीड महिन्याने दाखवायला आणायचं आणि मधे दर चार दिवसांनी फोटो पाठवायचा, तोही शेजारी मोजपट्टी ठेवून. "और अगर घाव बढ़ता गया, तो फिर पैर काटने का सोचना पड़ेगा," हे त्यांनी औषधाच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं. मला वाटलं, आबा खाटेवर लांब आहेत, त्यांना ऐकू गेलं नसेल.

नवरा रेल्वेत, नेमणूक बाहेरगावी, बीनाला. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. ड्रेसिंगसाठी कंपाउंडर लावू या असं त्याने पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं. आबा म्हणाले, "परका माणूस घरात नको." संपलं. मग उरले मी.

सकाळी सहाला गॅसवर पाणी उकळायला ठेवायचं, हातमोजे, गॉज, सलाइन ताटात मांडायचं. आबांच्या पायाखाली जुनी चादर चौपदरी करून सरकवायची आणि मी खाटेच्या पायथ्याशी पाटावर बसायची. जुना गॉज निघताना चिकटायचा. वास यायचा. आबा पूर्ण वेळ भिंतीकडे बघत असायचे. दोघंही बोलत नसू. मग चहा, इन्सुलिन, नाश्ता, स्पंजिंग, भांडी, आणि दहा वाजेपर्यंत अंगणात लू, उन्हाची भाजणारी झळ, सुरू झालेली. सुट्टी होती म्हणून तर हे जमतंय, असं सगळे फोनवर म्हणायचे. मीही हो म्हणायची. दुपारी आडवी झाले की झोप यायची नाही, नुसतं अंग दुखत राहायचं. हातमोजे काढून कितीही वेळा हात धुतले तरी पोळीचा घास घेताना तो वास आहेसा वाटायचा.

पहिले फोटो मी मोबाइलवर काढले. आणि व्हायचं तेच झालं. डॉक्टरांना पाठवायचा फोटो माझ्याकडून कुटुंबाच्या ग्रुपवर गेला. ग्रुपवर चाळीस-पन्नास माणसं, पुण्यापासून बडोद्यापर्यंत पसरलेली. मला कळून मी तो काढून टाकेपर्यंत तिघांनी हात जोडले होते आणि एका चुलत दिरांनी विचारलं होतं, "भाजलेलं वांगं आहे का?" त्यांचाही दोष नाही, चष्म्याशिवाय बघितलं असेल. पण संध्याकाळी आबांच्या मावसभावाचा फोन आला, काय रे, पायाची ही काय अवस्था, म्हणून. आबांनी फोन ठेवला आणि मला हाक मारली.

"सूनबाई, त्या फोनने आता फोटो काढायचा नाही."

"चुकून झालं हो, आबा."

"माहीत आहे. तरी नाही."

आबा बिर्लानगरच्या मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडली, बाकीचे कामगार विखुरले, तेव्हा हे हरिशंकरपुरमला घर बांधून राहिले. त्यांचे आजोबा इथल्या मराठी संस्थानाच्या घोडदळात होते. घरात त्या काळचं काही राहिलं नव्हतं, फक्त पाठ ताठ ठेवून बसायची सवय तेवढी आबांकडे आली होती. असा माणूस जेव्हा नाही म्हणतो तेव्हा वाद घालण्यात अर्थ नसतो. मी कपाटातून जुना डिजिटल कॅमेरा काढला. मुठीत मावणारा, चंदेरी, कधीतरी सहलीसाठी घेतलेला. बॅटरी चार्ज केली तर चालू झाला. त्यात जवळचे फोटो काढायची सोय होती, बटणावर फुलाचं चिन्ह असलेली. मग मी दर चार दिवसांनी काय, हातासरशी रोजच फोटो काढायला लागले. माझी शाळेतली प्लास्टिकची मोजपट्टी टाचेशेजारी धरायची, डाव्या हाताने पाय उचलून, उजव्या हाताने कॅमेरा. कार्ड लॅपटॉपला लावायचं आणि चौथ्या दिवसाचा फोटो डॉक्टरांना मेल करायचा. तो पाठवला की लॅपटॉप बंद. डॉक्टरांचं उत्तर म्हणजे नुसतं ‘ओके’. फोटो मी पुन्हा बघत नव्हते. रोज खरी टाच बघून झाल्यावर परत तिचा फोटो कोण बघणार?

तीन आठवडे असे गेले. मग एका सकाळी ड्रेसिंग आटपून मी कॅमेरा आबांच्या खाटेजवळच्या खिडकीत ठेवला आणि ताट घेऊन मोरीत गेले. टप्प असा आवाज आला. धावत आले तर कॅमेरा फरशीवर. उचलला तर मागची स्क्रीन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकलेली. चालू केला तर आत शाई सांडल्यासारखं काळं पसरलेलं.

"मांजर आली होती खिडकीत," आबा म्हणाले.

आमच्या अंगणात मांजरी असतातच. खिडकीत ठेवला ही माझीच चूक, असं म्हणून तो फडक्यात गुंडाळून ठेवला. त्या दिवसांत प्रत्येक गोष्ट माझीच चूक आहे असं धरून चालणं सोपं पडायचं, विचार करावा लागायचा नाही.

कॅमेरा बाड्यावरच्या बाजारात एका दुकानात घेऊन गेले. शेजारणीला तासभर आबांजवळ बसवून, डोक्याला ओढणी गुंडाळून, भर उन्हात. दुकानदाराने कॅमेरा उलटसुलट केला आणि हसला. "मैडम, इसको अब कौन बनाता है? पार्ट ही नहीं आता. मोबाइल से खींचिए ना." मी कॅमेरा परत पर्समध्ये टाकला. फूलबागेच्या वळणावर परतीच्या टेंपोची वाट बघत उभी होते तेव्हा पाय इतके भरून आले की पदपथाच्या कडेला मी सरळ बसले. येणारेजाणारे बघत होते. बघू देत.

पार्ट मिळत होता. घरी येऊन इंटरनेटवर शोधला तर त्याच मॉडेलची स्क्रीन सापडली आणि ती कशी बदलायची याचा एक व्हिडिओही. व्हिडिओत माणसाचा चेहरा नव्हता, नुसते दोन हात. सात-आठ पेच काढा, पाठ उचला, जुनी काढा, नवी बसवा. मी शाळेत तिसरी-चौथीला गणित शिकवते. घरातला फ्यूज बदलण्यापलीकडे मी कधी काही उघडलेलं नव्हतं. पण मला दुसरा मार्ग सुचत नव्हता. स्क्रीन मागवली, बरोबर बारीक पेचकसांचा डबा मागवला.

पार्सल यायला नऊ दिवस लागले. तोवर मी अंदाजाने फोटो काढत होते. या कॅमेऱ्याला डोळा लावून बघायची खिडकी नसते, स्क्रीन गेली की तो आंधळाच. लॅपटॉपवर बघावं तर कधी नुसती चादर, कधी माझा गुडघा, कधी मोजपट्टीवरचे आकडे एकदम स्पष्ट आणि मागे टाच धूसर. डॉक्टरांचा निरोप आला, फोटो साफ़ नहीं है. आबांना मी तो वाचून दाखवला. ते म्हणाले, "जाऊ दे मग. नकोच पाठवू." मला वाटलं, माझी दगदग बघून म्हणताहेत.

पार्सल आलं त्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी आबांच्याच खोलीत बसले, कारण कूलर एकच आणि तो तिथे. खाली चादर पसरली, चष्मा लावला, लॅपटॉपवर व्हिडिओ लावला. पहिला पेच निघाला. तिळाएवढा. दुसरा निघाला आणि कूलरच्या झोतात कुठे गेला कळलंच नाही. मी गुडघ्यांवर बसून फरशी चाचपडायला लागले.

"कूलर बंद कर," खाटेवरून आबा म्हणाले.

"गरम होईल तुम्हाला."

"होऊ दे. पंखाही बंद कर. आणि एक कोरा कागद आण."

इतक्या दिवसांत ते आपणहून एवढं पहिल्यांदाच बोलले असतील. मी कागद आणला. म्हणाले, त्यावर कॅमेऱ्याचं चित्र काढ, उलगडलेलं खोकं जसं असतं तसं, चारी बाजूंनी. जो पेच जिथून निघेल तो कागदावर तिथेच ठेव. "सगळे सारखे दिसतात, सारखे नसतात. लांब पेच आखूड जागी घातलास तर आतलं भोक फाडून टाकेल." मग फ्रिजवरचं चुंबक आणायला लावलं. हरवलेला पेच खाटेच्या पायाशी सापडला.

कूलर बंद झाल्यावर खोली पाच मिनिटांत भट्टी झाली. माझ्या हनुवटीवरून घाम गळायला लागला, तो आत पडू नये म्हणून मी कपाळाला टॉवेल बांधला. आबांचे हात थरथरतात, त्यांना पेचकस धरता आला नसता. पण ते उशीवरून मान वळवून बघत होते, आणि भिंतीकडे नव्हे, माझ्या हाताकडे. "दाबून धर. आधी दाब, मग फिरव. जोर मनगटातून नको, बोटांतून." मिलमध्ये यांच्या हाताखाली जे शिकले असतील त्यांना हा आवाज माहीत असणार. मी लग्न होऊन आल्याला पंचवीस वर्षं झाली, मी तो पहिल्यांदा ऐकत होते.

पाठ निघाली. आत स्क्रीन एका पत्र्याच्या चौकटीत बसवलेली होती आणि तिच्यातून एक चपटी पिवळसर पट्टी खालच्या सर्किटमध्ये शिरत होती. व्हिडिओतले हात म्हणत होते की तिथली काळी कडी नखाने वर करा, पट्टी आपोआप सुटेल. ती कडी नीट दिसावी म्हणून मी कॅमेरा उचलला, बोट फ्लॅशच्या बाजूला आत गेलं, आणि खाड्कन झटका बसला. कोपरापर्यंत. कॅमेरा हातातून सुटून मांडीवर पडला आणि कागदावरचे पेच इकडेतिकडे झाले.

बॅटरी काढलेली असूनही फ्लॅशसाठी आत वीज साठलेली असते, हे व्हिडिओत सुरुवातीलाच सांगितलं होतं. मी तो भाग न बघताच पुढे सरकवला होता.

लागलं काही नव्हतं. बोट नुसतं झणझणत होतं. पण मी रडायला लागले. आवाज न करता नव्हे, चांगली हुंदके देऊन. कपाळाला टॉवेल बांधलेली, चष्मा ओला, भोवती तिळाएवढे पेच. इतक्या दिवसांत रडायला बसायला वेळ नव्हता, तो त्या झटक्याने दिला. आबा खाटेवर उठून बसायची धडपड करत होते. "पाय टेकू नका!" मी रडतारडताच ओरडले. ते थांबले.

थोड्या वेळाने म्हणाले, "ती मांजर नव्हती."

मला आधी कळलंच नाही.

"मी ढकलला. खिडकीतून हाताने ढकलला."

मी डोळे पुसले आणि त्यांच्याकडे बघितलं. राग यायला हवा होता. नऊ दिवस, बाड्याची ती चक्कर, ते ऊन. पण राग यायलासुद्धा अंगात काहीतरी असावं लागतं. मी एवढंच विचारलं, "का?"

"तो डॉक्टर फोटो बघूनच एक दिवस म्हणेल, काटो. मी ऐकलं होतं तो बोलला ते. मिलमधल्या आमच्या खात्यातल्या एकाचा पाय असाच गेला. आधी अंगठा, मग घोट्यापासून, मग गुडघ्याखालून. दर वेळी रिपोर्टचा कागद दाखवायचे त्याला. मला वाटलं, फोटो गेलेच नाहीत तर..." त्यांनी चादरीची कड बोटांत धरली होती.

"तुम्ही बघितलीय का जखम?" मी विचारलं.

"मला कुठून दिसणार? टाच आहे."

खरंच की. सव्वा महिना मी त्या जखमेकडे रोज बघत होते आणि ज्यांची ती होती त्यांनी ती एकदाही बघितली नव्हती. ते भिंतीकडे बघत राहायचे, आणि माझ्या चेहऱ्यावरून, माझ्या गप्प बसण्यावरून मनात तिचं माप वाढवत न्यायचे. आणि मी गप्प असायची ती फक्त थकल्यामुळे.

मी लॅपटॉपवर फोटो उघडून दाखवू शकले असते. पण ते माझ्या मनातच आलं नाही. समोर कॅमेरा उघडा पडला होता, तो पुरा करायचा एवढंच डोक्यात होतं. तोंड धुऊन आले, पेच पुन्हा कागदावर लावले. दोन पेचांची जागा नक्की आठवेना, आबांनी लांबी बघून सांगितली. काळी कडी नखाने वर केली, जुनी स्क्रीन सुटली, नवी ठेवली, बॅटरी घालून चालू केला. स्क्रीन उजळली, पण नुसती पांढरी.

"खराब निघाली," मी म्हटलं.

"खराब नसेल. पट्टी तिरपी गेली असेल. काढ, सरळ बसव. घाई नको."

पुन्हा काढली. दुसऱ्यांदाही पांढरी. तिसऱ्या वेळी कडी खाली दाबल्यावर अगदी बारीक टक् असं झालं आणि स्क्रीनवर खोली आली. खाटेची कड, चादर, आबांचा हात. आबा हसले नाहीत, पण त्यांनी मान हलवली. पाठ बसवताना म्हणाले, पेच आधी उलटा फिरव, आत बसल्याचं बोटाला कळेल, मग आवळ. तसं केलं. सगळे पेच बसले, फक्त एका कोपऱ्यात पाठ किंचित वर राहिली. स्क्रीनच्या काचेखाली धुळीचा एक कण अडकला होता. पुन्हा उघडायची माझी तयारी नव्हती. "राहू दे," आबाही म्हणाले.

मग कूलर लावला आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला. पहिल्या फोटोपासून सुरू केलं. एकेक बटण मीच दाबत होते, कारण त्यांचा अंगठा हलायचा. पहिला फोटो बघून त्यांनी डोळे मिटले. मी थांबले. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "पुढे." काळी कड, पिवळा भाग, मोजपट्टीवर जवळजवळ चार सेंटिमीटर. पुढे, पुढे. मधले आंधळे फोटो आले, चादर आणि माझा गुडघा. मग मी त्यांचा पाय उचलून तेव्हाचा ताजा फोटो काढला, पट्टी सोडून. जखम तीनच्याही आत होती. कडा गुलाबी होत्या.

"कमी झालीय?" त्यांनी विचारलं.

"झालीय."

"तुला माहीत होतं?"

"नाही." मला खरंच माहीत नव्हतं. रोज बघणाऱ्याला काय दिसणार?

त्यांनी परत पहिला फोटो मागितला, मग शेवटचा, मग परत पहिला. त्यांचा चेहरा सैल झाला होता. आणि मी तिथे पाटावर बसून हिशोब करत होते, कारण गणिताची बाई आहे मी. सव्वा महिन्यात एक सेंटिमीटर. म्हणजे अजून चार महिने तरी. जूनच्या मध्यात शाळा उघडणार. सकाळी सहाचं पाणी, गॉज, सलाइन, मग शाळा, मग हे सगळं परत. त्यांना त्या फोटोंत पाय वाचताना दिसत होता आणि मला त्याच फोटोंत दिवाळीपर्यंतच्या सकाळी दिसत होत्या. त्यांचा आनंद बघून मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही.

"आबा," मी म्हटलं, "मी फार दमलेय."

एवढंच. तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. त्यांनी कॅमेरा छातीवर उपडा ठेवला. मला वाटलं, दुखावले.

"मला वाटायचं, परका लावला तर तुला कमीपणा वाटेल," ते म्हणाले. "सून असताना बाहेरचा माणूस पायाला हात लावतोय, लोक काय म्हणतील तुला."

"मला कुणी काही म्हणत नाही. तुम्हीच म्हणालात, परका नको."

"म्हणालो होतो खरं." मग म्हणाले, "तो शनिवारी आला की सांग त्याला, कंपाउंडर बघ म्हणावं. रोजचा."

पुढे सगळं सरळ झालं असं नाही. श्रावणात जखम पुन्हा चिघळली, ताप आला, एकदा दवाखान्यात नेऊन साफ करून घ्यावी लागली, आणि त्या वेळी मी पुन्हा चार रात्री स्टुलावर काढल्या. पण पाय राहिला. थंडी सुरू झाली तेव्हा आबा काठी टेकत अंगणात येऊन उन्हात बसायला लागले होते.

मला मात्र आठवतो तो कंपाउंडर आला त्याचा दुसरा दिवस. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहून त्याच्या हाताकडे बघत होते, गॉज कसा काढतो, हातमोजे घालतो की नाही. दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलेलं होतं. मी उठलेच नव्हते. सहाचं पाणी ठेवलंच नव्हतं. दचकून उठणार तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून भांड्याचा आवाज आला, कंपाउंडर आबांना काहीतरी विचारत होता, आणि आबा दबक्या आवाजात त्याला दटावत होते, "धीरे बोलो भाई. बहू सो रही है."

मी डोळे मिटून तशीच पडून राहिले. झोप पुन्हा लागली नाही, पण मी उठले नाही.